छायाचित्राखालची ओळ : कौटुंबिक चिकटवहीच्या भाषेचा विचार

मराठवाड्यातील जुन्या घरांत पत्र्याच्या पेटीत, कापडी दप्तरात किंवा देव्हाऱ्याखालच्या फडताळात छायाचित्रांचा जो संचय आढळतो, त्याचा बराच भाग मुका असतो. एखाद्या चित्राच्या पाठीवर स्टुडिओचा उर्दू शिक्का असतो, एखाद्यावर मोडीत चार अक्षरे असतात, एखाद्यावर ‘दादा, वहिनी व बाळ’ असा शाईने लिहिलेला मजकूर असतो. आणि पुष्कळ चित्रांच्या पाठीवर काहीच नसते. अशी चित्रे चिकटवहीत लावून प्रत्येकाखाली एक ओळ लिहावी, मधल्या पानांवर घरच्या आठवणी नोंदवाव्यात, अशी इच्छा आता अनेक कुटुंबांत दिसते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात, जेथे बहुसंख्य घरांचे मूळ कोणत्या ना कोणत्या खेड्यात आहे, तेथे ही इच्छा स्वाभाविकच म्हणावी लागेल. प्रस्तुत लेखात या ओळीचा व तिच्या शेजारी लिहिल्या जाणाऱ्या आठवणीचा विचार भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

वृत्तपत्राच्या कचेरीत जिला ‘फोटोओळ’ म्हणतात, तिच्यात आणि घरच्या ओळीत एक मूलभूत फरक आहे. वृत्तपत्रातील ओळ ज्याला चित्रातील माणसे ठाऊक नाहीत अशा वाचकासाठी लिहिलेली असते. घरची ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र घरचेच माणूस असते. परिणाम असा होतो की, ज्याला ओळ कळते त्याला तिची गरज नसते, आणि ज्याला तिची गरज असते त्याला ती कळत नाही. ‘दादा, वहिनी व बाळ’ ही ओळ लिहिली गेली त्या दिवशी ती पूर्णपणे स्पष्ट होती. साठ वर्षांनी तीच ओळ नातवाच्या हाती पडते तेव्हा तिच्यातील एकही शब्द त्याच्या उपयोगी पडत नाही. अक्षर सुवाच्य असते, कागद शाबूत असतो, पण शब्दांचा अर्थ ज्या व्यक्तीवर टेकलेला होता ती व्यक्ती निघून गेलेली असते. व्याकरणात ‘मी’, ‘येथे’, ‘आज’ या शब्दांविषयी जे सांगितले जाते, म्हणजे त्यांचा अर्थ बोलणारा कोण, कोठे आणि केव्हा बोलतो यावर अवलंबून असतो, तेच घरच्या ओळीतील जवळजवळ प्रत्येक शब्दाला लागू पडते.

छायाचित्राखाली ओळ लिहिण्याची रीत आपल्याकडे कुटुंबातून आलेली नाही, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या भारतीय सभासदांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. परंतु त्या काळी छापून प्रसिद्ध झालेल्या भारतीय माणसांच्या चित्रांखालचा मजकूर बहुधा परक्याने लिहिलेला आहे. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात चित्राखाली प्रामुख्याने जात, जमात व ठिकाण येते. समोर बसलेल्या माणसाला नाव होते याची दखल क्वचितच घेतलेली दिसते. वेरूळ-अजिंठ्याच्या परिसरात माणसाचे स्थान याहूनही गौण होते. मेजर रॉबर्ट गिल यांची लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांचा विषय पाषाण हा होता. पुढे निजामाच्या राज्यात राजा दीनदयाळ यांनी दरबार, उमराव आणि वास्तू यांची उत्कृष्ट छायाचित्रे घेतली. सामान्य मराठी कुटुंब कॅमेऱ्यापुढे आले ते यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि तेही लग्न, शाळेचा निरोपसमारंभ किंवा नोकरीतील बढती अशा निमित्ताने.

दुसरीकडे माणसांची नोंद ठेवण्याची आपली जी जुनी साधने आहेत, त्यांत चेहरा नाही. त्र्यंबकेश्वरासारख्या तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्या, घरोघरच्या वंशावळी आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विशेषतः कोकणस्थ घराण्यांनी मोठ्या चिकाटीने छापून काढलेले कुलवृत्तांत ही ती साधने होत. यांची मांडणी रुक्ष आहे खरी, पण तिच्यात एक मोठा गुण आहे. तेथे प्रत्येक माणूस दुसऱ्या एका नाव दिलेल्या माणसाच्या आधाराने उभा असतो. अमक्याचा मुलगा अमका, त्याची पत्नी अमकी. लिहिणाऱ्यावर कोणीही टेकलेला नसतो. म्हणून लिहिणारा गेला तरी नोंद चालते. चिकटवही करणाऱ्याने कुलवृत्तांताकडून घ्यावयाचे ते एवढेच. बाकी त्याची पुरुषप्रधान रचना, गोत्र-प्रवरांचा विस्तार आणि कर्तृत्वाची ठराविक विशेषणे घेण्याचे कारण नाही.

ज्या घरांना वंशावळच नव्हती त्यांच्या बाबतीत छायाचित्राचे मोल निराळे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय औरंगाबादेत १९५० साली सुरू झाले. एखाद्या घरातील लिहिता-वाचता झालेला पहिला माणूस नागसेनवनात शिकून बाहेर पडला असेल, तर वर्गाचे किंवा वसतिगृहाचे सामूहिक छायाचित्र हेच त्या घराचे सर्वांत जुने कागदपत्र असू शकते. अशा चित्राखाली छापलेल्या ओळींत ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’ अशा क्रमाने आडनाव आणि आद्याक्षरे येतात. त्याच्या आईचे नाव कोठेच येत नाही. कॅमेऱ्यापुढे ती कधी आलेलीच नसते. चिकटवहीत ते नाव त्या चित्राच्या शेजारी लिहिले गेले नाही, तर ते लिहिण्याची दुसरी जागा उरत नाही.

नातेवाचक शब्दांपासून आरंभ करू. मराठीत चुलता, मामा, आत्या व मावशी यांना स्वतंत्र शब्द आहेत आणि चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे भेदही आपण नीट पाळतो. त्यामुळे मराठी ओळ नात्याच्या बाबतीत नेमकी असेल असे वाटते. प्रत्यक्षात अडचण शास्त्रीय नावांची नसून घरातील हाकेची असते. एकत्र कुटुंबात मुले आपल्या आईला काकांच्या तोंडचे ऐकून ‘वहिनी’ म्हणत, वडिलांना ‘दादा’, ‘भाऊ’, ‘अण्णा’, ‘तात्या’ किंवा ‘बापू’ म्हणत. आजीला सर्व घर ‘बाई’ किंवा ‘माय’ म्हणे. म्हणजे ‘वहिनी’ या शब्दाने भावाची बायको सूचित होते असे समजून वाचणारा पुढच्या पिढीतील मनुष्य आपल्या पणजीला तिच्या धाकट्या दिराच्या पंक्तीत नेऊन बसवतो. ही चूक कोशाने दुरुस्त होण्यासारखी नाही.

नात्यांच्या शब्दांत आणखीही एक गाठ आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेकडील व दक्षिणेकडील नातेव्यवस्थांच्या सांध्यावर असल्याचे दाखविले आहे. सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते, त्या संबोधनांत हीच चाल गोठलेली आहे; कारण अशा लग्नात सासू ही खरोखरच वडिलांची बहीण असते. आता एखाद्या सुनेने चित्राखाली ‘आत्याबाई’ असे लिहिले असेल, तर ती रक्ताने आत्या होती की केवळ रीतीने, हे ओळीवरून ठरत नाही. ‘आत्याबाई (सासूबाई, वडिलांची सख्खी बहीण)’ असे चार शब्द अधिक लिहिल्याने दोन घराण्यांचा जुना संबंध वहीत नोंदला जातो.

यावरून हाकेची नावे वर्ज्य करावीत असा अर्थ कोणी काढू नये. ‘वहिनी’ ही हाक काढून तेथे केवळ शाळेच्या दाखल्यातील नाव लिहिणे म्हणजे चित्रातील माणूस घरातून कचेरीत नेऊन बसविणे होय. दोन्ही लिहावीत, आणि कोणत्या तोंडची हाक आहे तेही लिहावे. उदाहरणादाखल वर दिलेल्या ओळीचे एक कल्पित विस्तृत रूप असे होईल : ‘डावीकडून केशवराव (मुलांचे “दादा”), त्यांच्या पत्नी गोदावरी (माहेरचे नाव सखू, दिरांमागे मुलेही “वहिनी” म्हणत) व धाकटा मुलगा दत्तात्रय (“बाळ”). पैठण तालुक्यातील मूळ गावच्या घराची ओसरी. फसली १३५६, म्हणजे १९४६-४७. ओळ लिहिणार, दत्तात्रय यांची मुलगी, २०२४.’ ही ओळ सुंदर नाही. बाजारात मिळणाऱ्या तयार चिकटवह्यांवर ‘अविस्मरणीय क्षण’, ‘सोनेरी आठवणी’ असे जे शब्द छापलेले असतात ते दिसावयास अधिक सुंदर असतात. पण ते कोणत्याही घरच्या कोणत्याही चित्राखाली शोभतात, यातच त्यांचा निरुपयोग सिद्ध होतो.

सर्वनामांत मराठीने एक सोय ठेवली आहे, तिचा उपयोग येथे जाणीवपूर्वक करता येण्यासारखा आहे. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो आणि ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. हा भेद द्राविड भाषांत आहे, हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही. ‘आमचे जुने घर’ असे लिहिणारा वाचकाला उंबऱ्याबाहेर उभा करतो. ‘आपले जुने घर’ असे लिहिणारा त्याला आत घेतो. नातवंडांसाठी वही लिहिणाऱ्या आजोबांच्या हातून पुष्कळदा ‘आमचे’ हाच शब्द उमटतो, कारण ते घर नातवंडांनी पाहिलेले नसते. तेथे कोणता शब्द योग्य, हे व्याकरण सांगू शकत नाही.

स्त्रियांच्या नावाचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. लग्नात नाव बदलण्याची चाल ज्या घरांत होती, तेथे एका स्त्रीची किमान दोन नावे होतात, आणि तिसरे हाकेचे. माहेरच्या चित्रात ती एका नावाने असते, सासरच्या चित्रात दुसऱ्या. सासरच्या वहीत माहेरचे नाव लिहिले नाही, तर तिच्या भावाच्या घरी असलेल्या तिच्या बालपणीच्या चित्राशी सासरच्या चित्राचा संबंध जोडण्याचा दुवाच तुटतो. दोन घरांत दोन अनोळखी बायका शिल्लक राहतात. ‘सौ. देशपांडे’ किंवा ‘मास्तरांच्या मंडळी’ एवढीच ओळ असेल तर मग एकही नाव राहत नाही. कुलवृत्तांतांतून पत्नीची माहेरची व सासरची अशी दोन्ही नावे देण्याची दक्षता अनेक संपादकांनी घेतली होती, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे.

ही माहिती ज्यांच्याकडून मिळावयाची, त्या वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यातही एक रीत आडवी येते. पतीचे नाव उच्चारावयाचे नाही, हा निर्बंध ज्यांनी जन्मभर पाळला, त्या चित्रावर बोट ठेवून ‘हे’, ‘आमच्याकडचे’, ‘पोरांचे वडील’ असेच म्हणणार. कित्येक ठिकाणी सासरे व थोरले दीर यांची नावेही घेतली जात नसत. विचारणाऱ्याने आग्रह धरला की उत्तर टाळले जाते, आणि नातवंडांना वाटते की आजीला आठवत नाही. वास्तविक नाव घेण्याची एक मान्य वाट आपल्या भाषेनेच ठेवलेली आहे, ती उखाण्याची. आजीला तिचा लग्नातला उखाणा विचारला तर नाव मिळते, आणि वहीत लिहिण्याजोगी एक ओळही मिळते. ‘हे’ या सर्वनामाचेही महत्त्व कमी लेखू नये. आजीने सांगितलेली हकीकत उतरवून घेताना प्रत्येक ‘हे’च्या जागी आजोबांचे नाव घालणारा नातू वाचकाची सोय करतो, पण जे नाव तिने साठ वर्षे घेतले नाही ते तिच्या तोंडी घालतो. पहिल्या ‘हे’ला कंसात खुलासा जोडून पुढील सर्व तसेच ठेवणे अधिक प्रामाणिक होय.

नावामागील उपपदे हा काळ ठरविण्याचा उत्तम पुरावा आहे, तसाच घोटाळ्याचे मूळही. ‘चि.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’, ‘ती.’, ‘कै.’ ही उपपदे माणसाची त्या क्षणीची अवस्था सांगतात. वारकरी घरांत ‘वै.’ आढळते, मुसलमान घरांत ‘मरहूम’, बौद्ध घरांत ‘आयु.’ आणि मृत व्यक्तीसाठी ‘कालकथित’. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या अलीकडची व पलीकडची ओळ केवळ या शब्दांवरूनही पुष्कळदा वेगळी काढता येते. पण प्रत्येक ओळीला दोन काळ असतात, चित्राचा आणि लेखनाचा. १९५२ च्या चित्रात कुंकू लावून बसलेल्या स्त्रीखाली १९८० साली कोणी ‘गं. भा.’ असे लिहिले, तर चित्र व ओळ परस्परांशी भांडू लागतात. लिहिणाऱ्याने ओळीखाली स्वतःचे नाव व साल घातले की हे भांडण मिटते. घरगुती वह्यांत हीच गोष्ट सर्वांत जास्त वगळली जाते, कारण लिहिणाऱ्याला आपण कोण हे ठाऊकच असते.

कालगणनेची अडचण मराठवाड्यात इतर महाराष्ट्रापेक्षा अधिक आहे. निजामाच्या राज्यातील दाखले, सनदा व जमिनीचे कागद फसली सनात आहेत. हे वर्ष आजर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. त्यात ५९० मिळविल्यास ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांचे व ५९१ मिळविल्यास पुढील महिन्यांचे इसवी सन मिळते. पत्रिकेवर शके असते, त्यात ७८ मिळवावे लागतात, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखांना ७९. म्हातारी माणसे तर यांपैकी काहीच वापरीत नाहीत. त्यांची कालगणना संकटांवर चालते : मानमोडीच्या साथीत, रजाकारीत, पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात, भूकंपाच्या साली. यांची वर्षे अनुक्रमे १९१८, १९४७-४८, १९४७, १९७२ व १९९३ अशी लिहिता येतात आणि लिहावीतच. परंतु मूळ शब्द खोडून लिहू नयेत. ‘रजाकारीत जन्मली’ या दोन शब्दांत जी धास्ती आहे ती ‘जन्म १९४८’ यात उतरत नाही. पैशांचीही हीच गोष्ट. आजोबांनी बैल ‘साठ रुपयांना’ घेतला असे घरात सांगत असतील तर ते रुपये हाली असण्याचा संभव मोठा. सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे सहा.

स्थळनामेही स्थिर नाहीत. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला; त्यापूर्वीच्या भोकरदनच्या किंवा अंबडच्या चित्रामागे ‘जि. औरंगाबाद’ असेल तर ती चूक नव्हे. खुद्द शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. जुन्या ओळीतील नाव जसेच्या तसे ठेवून त्यापुढे आजचे नाव कंसात देणे हा दस्तऐवज संपादनातील साधा नियम घरच्या वहीलाही पुरतो. याहून अवघड प्रसंग पैठणजवळच्या गावांचा. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये बसली, १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, आणि नाथसागराच्या पाण्याखाली अनेक गावे गेली. त्यांतील कित्येकांची नावे नव्या जागी वसलेल्या गावांना मिळाली. तेव्हा चित्राखाली नुसते गावाचे नाव लिहिले तर वाचक नव्या गावात जाऊन ती ओसरी शोधील. ‘जुने गाव, आता पाण्याखाली’ हे शब्द तेथे लिहिले पाहिजेत. घर कोणत्या तोंडाचे होते, बारव कोठे होती, मारुतीचे देऊळ घरापासून किती पावलांवर होते, हेही. ज्यांनी ती पावले टाकली त्यांच्यातील लहानात लहानांनी आज साठीच्या आसपासचे वय गाठले आहे.

क्रियापदांच्या बाबतीत मराठी ओळीने स्वतःची एक लकब बनविली आहे. ‘मोट हाकताना आजोबा’, ‘बक्षीस स्वीकारताना काकू’ अशी ‘-ताना’ प्रत्ययाची रचना वृत्तपत्रांतून घरात आली आणि रुळली. तिला काळ नाही. आजोबा एकदाच मोट हाकीत होते की रोज हाकीत असत, की छायाचित्र काढणाऱ्याने सांगितले म्हणून उभे राहिले, यांतील काहीच ती सांगत नाही. जुन्या स्टुडिओत पडद्यावर रंगविलेला जिना आणि हाताशी ठेवलेले पुस्तक ही दुकानाची मालमत्ता असे. ‘पुस्तक वाचताना आजी’ अशी ओळ तेथे लिहिली गेली तर निरक्षर आजी पुढच्या पिढीत विदुषी ठरते. अशा वेळी ‘पुस्तक दुकानातले’ ही दोन शब्दांची जोड पुरेशी आहे.

आदरार्थी अनेकवचनाचा मासलाही पाहण्यासारखा आहे. बहुतेक मराठी वह्यांत ‘आजोबा बसले आहेत’ आणि ‘आजी उभी आहे’ असे लिहिलेले सापडेल. वडील ‘ते’ आणि आई ‘ती’. ही असमानता मुद्रितशोधकाने समान करून टाकावी काय, असा प्रश्न विचारला जातो. तसे केल्यास ‘आजी उभ्या आहेत’ या वाक्यातील आजी शेजारच्या घरातील वाटू लागते. मराठीत जवळीक आणि आदर यांचे हिशेब वेगळे आहेत, आणि घरच्या वहीने घरचा हिशेब ठेवावा हे बरे.

ओळीकडून आठवणीकडे आले म्हणजे काळाचा प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. मराठीत ‘आजी पहाटे जात्यावर बसे’, ‘ती सर्वांना जेवू घाली’ असा रीतिभूतकाळ आहे. आठवणी लिहिणाऱ्यांचा हा आवडता काळ, कारण त्यात एक मंद गोडवा आहे. परंतु सर्व पान या काळात लिहिले गेले की माणूस नाहीसा होतो आणि सवयी उरतात. कोणत्याही घरची कोणतीही आजी पहाटे उठे आणि सर्वांना जेवू घाली. हकीकत सुरू होते ती ‘एकदा’ या शब्दापाशी आणि साध्या भूतकाळापाशी. बहात्तरच्या दुष्काळात आजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडावयास गेली, पहिल्या पगाराचे तिने काय आणले, ते कोणी खाल्ले आणि कोण उपाशी राहिले, एवढे सांगितले की तिच्या स्वभावाची विशेषणे लिहिण्याची जरूर उरत नाही.

घरच्या हकिकतींत एक शब्द वारंवार येतो आणि लिहिताना सर्वांत आधी गाळला जातो, तो म्हणजे ‘म्हणे’. ‘पणजोबा म्हणे पायी पंढरपूरला गेले आणि परत आलेच नाहीत.’ शुद्ध लेखनाच्या कल्पनेने पछाडलेला लेखक येथे ‘म्हणे’ काढून टाकतो, आणि ऐकीव गोष्ट त्या क्षणी पाहिलेली होते. ऐकीव माहितीवर खूण करणारे असे अव्यय ज्या भाषेत आहे, तिच्या भाषकाने त्याचा लाभ घ्यावा. शक्य तर ‘म्हणे’ म्हणजे कोण म्हणे तेही लिहावे. थोरल्या आत्याने सांगितलेली आणि धाकट्या काकांनी सांगितलेली हकीकत जुळत नसेल तर दोन्ही लिहाव्यात. त्यांचा सरासरी मेळ घालून तयार केलेली तिसरी हकीकत कोणीही सांगितलेली नसते.

१९४८ च्या आठवणींत हे पथ्य अधिकच पाळावे लागते. त्या वर्षी रजाकारांच्या जाचाने मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी गाव सोडले, आणि सप्टेंबरातील लष्करी कारवाईच्या वेळी व नंतर अनेक मुसलमान कुटुंबांवरही तीच पाळी आली. दोन्हीकडच्या घरांत त्या दिवसांच्या हकिकती आहेत आणि दोन्हीकडे चित्रांत रिकाम्या जागा आहेत. घरात बोलताना ‘अमक्याने वाडा जाळला’ असे सहज म्हटले जाते. वहीत उतरल्यावर तेच वाक्य अमक्याच्या पणतूवर आरोप ठरते. सांगणाऱ्याने काय पाहिले आणि काय ऐकले यांची वाटणी करून लिहिल्याने हकिकतीची धार जात नाही, आणि ऐकिवाचा भार पुराव्यावर पडत नाही. ज्याविषयी आजोबा कधी बोललेच नाहीत, तेथे ‘याविषयी ते बोलत नसत’ असे लिहावे. तीही माहितीच आहे.

राहता राहिला बोलीचा प्रश्न. मराठवाड्यातील घरच्या बोलण्यात ‘माय’, ‘लई’, ‘आन्’, ‘दस्ती’ असे शब्द सहज येतात, आणि लेखणी हाती घेताच ते ‘आई’, ‘खूप’, ‘आणि’, ‘रुमाल’ होतात. सांगणाऱ्याचे बोलणे अवतरणात जसेच्या तसे ठेवावे आणि भोवतीचे निवेदन लिहिणाऱ्याने स्वतःच्या भाषेत करावे, ही विभागणी सोयीची आहे. बोली छापण्याची लाज वाटण्याचे दिवस मराठी साहित्याने मागे टाकले आहेत. नरेंद्र जाधव यांचे १९९३ मधील ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक वडिलांच्या स्वतःच्या टिपणांवर उभे आहे, आणि ‘आन्’ हा उच्चार त्याच्या नावातच ठेवलेला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून ग्रंथरूपात येऊ लागली, तीही बोलण्याच्या ढंगातच. चिकटवही लिहिणाऱ्याला एवढा पल्ला गाठावयाचा नसतो. पण आईला ‘माय’ म्हणणाऱ्या माणसाने वहीत ‘माय’ लिहिण्यास कोणाची परवानगी घ्यावी लागू नये.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने तारखेची अडचण काही अंशी सोडविली आहे, कारण दिनांक चित्राबरोबरच नोंदला जातो. परंतु व्हॉट्सॲपवरून पाठविलेल्या चित्रातून ही नोंद बहुधा गळते, आणि नाव तर यंत्राने मुळातच लिहिलेले नसते. छापील चित्रांविषयी दोन व्यावहारिक गोष्टी सांगणे अवश्य आहे. चिकटविण्यापूर्वी पाठीमागचा मजकूर, मग तो मोडीतील असो वा उर्दूतील, वाचून घ्यावा किंवा त्याचे चित्र घ्यावे. डिंकाखाली गेलेली अक्षरे परत येत नाहीत. जुनी ओळ चुकीची आढळली तरी ती खोडू नये. तिच्याखाली दुरुस्ती, दुरुस्ती करणाऱ्याचे नाव व साल लिहावे. चित्रात न ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिची जागा वगळून पुढे जाऊ नये, ‘डावीकडून तिसऱ्या बाई, नाव कळत नाही, हातातील मूल त्यांचेच असे थोरल्या आत्याचे म्हणणे’ असे लिहावे, म्हणजे पुढे कोणी ओळखणारे भेटल्यास नाव घालावयास जागा राहते. चित्राच्या पाठीवरच लिहावयाचे झाल्यास मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, आणि चेहऱ्याच्या मागे न येणाऱ्या कडेला लिहावे.